सरकलेलं भिंग

१७ डिसेंबर २००१, सोमवार. जव्हार

काल अठरा ऑपरेशनं झाली. आज सकाळी सगळ्यांच्या पट्ट्या सोडल्या. डोळ्यांची शिबिरं भरवणाऱ्या या मंडळात नेत्रसहाय्यक म्हणून लागून मला सहा वर्षं झाली, पण पट्टी सोडायच्या दिवशी अजून काळजी वाटते.

सगळ्यात जास्त काळजी हिरीमावशीची होती. वांगणीची. तिचा डावा डोळा भाताचं पातं लागून लहानपणीच गेलेला, म्हणजे आहे तो हा एकच. कालचं तिचं ऑपरेशन तासभर चाललं. बाकीच्यांच्या ऑपरेशनला केळुस्कर सरांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्येच सर म्हणाले, "प्रमिला, दिवा मोठा कर." दिवा मोठाच होता. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "मग बल्ब बदल." बल्ब बदलला. नवा बल्बही त्यांना पसंत पडला नाही. शेवटी थैलीत, म्हणजे मोतीबिंदू काढल्यावर उरणाऱ्या पातळ पिशवीत, भिंग बसवून सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "थैली जरा नाजूक होती. बसलंय. लिही, विनाअडथळा." मी केसपेपरवर लिहिलं.

पट्टी सोडली तेव्हा हिरीमावशी आधी भिंतीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "अगो बाय, तू तं बारीकशीच हास! आवाजावरना मना वाटायचा, मोठी बाई आसंल." वॉर्डभर हशा पिकला.

केळुस्कर सर मुंबईहून महिन्याला येतात, कधी दोनदाही. सहासष्ट वर्षांचे आहेत. या तालुक्यांत म्हाताऱ्यांना त्यांचं नाव माहीत नाही, 'डोल्याचा साहेब' म्हणतात. काल केसपेपर मीच वाचून दाखवले. "ऐकलं की लक्षात राहतं," म्हणतात. भिंगाच्या खोक्यावरचा नंबरही मीच वाचते. मोठ्या माणसांच्या अशा सवयी असतात.

६ जानेवारी २००२, रविवार

वांगणीला जाऊन आले. वावरच्या पुढे जीप जात नाही, ड्रायव्हर रोहिदासभाऊ गाडीजवळ थांबले आणि मी चालत गेले.

हिरीमावशी अंगणात वरई पाखडत होती. दिसतं म्हणाली, पण "उन्हं कलली का खालच्या अंगाला इळ्यासारखा काय तरी चमकं. आन् एका दिव्याचं दोन दिवं होत्यात."

टॉर्च मारून बघितलं. बाहुलीच्या वरच्या कडेला चकचकीत बारीक कोर दिसली, जणू भिंगाची कड. कड बाहुलीच्या आड लपलेली असते, दिसायला नको. पण टॉर्चचे सेल उतरले होते आणि ऊनही तोंडावर होतं. "थेंब घालतेस ना वेळेवर?" विचारलं, तर चार दिवस विसरले म्हणाली. कार्डावर लिहिलं, 'थेंबांत अनियमितता. पुन्हा पाहणे.'

निघताना तिनं परसातल्या वालाच्या शेंगा ओच्यात घातल्या. नको म्हटलं तर ऐकेना.

१३ जानेवारी, रविवार

आज सोळा. सर थकलेले वाटले. जीपमधून उतरताना म्हणाले, "तू पुढं चाल, मी मागनं येतो," आणि माझ्या मागोमाग, माझ्या पावलावर पाऊल ठेवल्यासारखे पायऱ्या चढले. दारात रोहिदासभाऊ उभे होते, त्यांना म्हणाले, "बाबा, तुमचा पेशंट कोण?" रोहिदासभाऊ दहा वर्षं त्यांना कसाऱ्याहून आणतात. सगळे हसले, सरही हसले.

हिरीमावशीचं सांगितलं. ऐकताना ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, कानाकडे बघत होते. हल्ली तसंच करतात, विचारात असतात. म्हणाले, "ही माणसं ऐकत नाहीत. वाकून कामं करतात, डोळा चोळतात. थेंब चालू ठेव."

दुपारनंतर दाभोशाच्या सावळाबाबांचं केलं. त्यांच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकलाय, तो पावसाळ्यानंतर करू म्हणून ठरवलं. ऑपरेशन टेबलावरही बोलत होते. नदीत मासे कुठं मिळतात ते सांगत होते. सर म्हणाले, "बाबा, तोंड बंद, डोळा उघडा." वीस मिनिटांत झालं.

पुढच्या शिबिराची तारीख ठरली, २४ फेब्रुवारी. यादीत आईचं नाव घातलं. माघी, वय साधारण साठ. किती दिवस तिला सांगतेय! परवा चुलीवरून भाकर उचलताना बोटं भाजली, तेव्हा कुठं तयार झाली. "तुझा साहेब करणार आसंल तं येतंय," म्हणाली. मी म्हटलं, तेच करणार.

३ फेब्रुवारी, रविवार

सावळाबाबा दाभोशाहून एकटेच आले, जीपनं. जीपवाल्यानं दाराशी आणून सोडलं. "पोरी, डोल्यात काय तरी पडला."

"कचरा गेला?"

"कचरा नाय. आत पडला. परवा राबासाठी पाल्याचा भारा उचलला, तं टपकन. आता उताणा निजला का पान्यात बशी डुलं तसा डुलताना दिसं. उटून बसला का जाय खाली."

टॉर्च नवा होता. बाहुली पूर्ण काळी, मोकळी. भिंग नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. भिंग नाहीच.

चौकातल्या बूथवरून सरांना फोन लावला. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "भारा उचलला ना? तेच कारण. आत राहिलं तरी लगेच काही होत नाही. थेंब दे. चोवीसला येतोच आहे, तेव्हा बघू. आणि प्रमिला, गावात उगाच बोलू नकोस. लोक शिबिराला यायचे बंद होतील."

ते बरोबर आहे. एकानं नाही म्हटलं की अख्खा पाडा नाही म्हणतो, मी सहा वर्षांत बघितलंय. सावळाबाबांना थेंब दिले, जड उचलू नका म्हटलं. चोवीस तारीख सांगितली. ते बोटांवर मोजत गेले.

नंतर रजिस्टर काढून बसले. दोन. की आणखी असतील? भिंगांची खेपच खराब असेल का? पण दोघांच्या खोक्यांवरचे नंबर वेगळे आहेत.

१२ फेब्रुवारी, मंगळवार. नाशिक

सरांना न विचारता केलं. हिरीमावशी शुक्रवारी मोखाड्याच्या बाजारात भेटली. सून हात धरून चालवत होती. भिंगाची कोर आता बाहुलीच्या निम्म्यापर्यंत खाली आली होती, टॉर्चशिवाय दिसत होती. एकच डोळा. मला राहवलं नाही. रोहिदासभाऊ त्र्यंबकच्या रस्त्यानं घेऊन आले.

इथल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात डॉ. हर्षदा म्हणून आहेत, पडद्याची ऑपरेशनं करतात. चाळिशीच्या असतील. त्यांनी हिरीमावशीला यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं. मग केसपेपर मागितला. वाचला, पुन्हा वाचला.

"विनाअडथळा? थैली मागच्या बाजूनं सरळ फाटलीय, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ही आत्ताची फाट नाही, ऑपरेशनच्या वेळची आहे. फाटलेल्या थैलीतच भिंग ठेवलंय. ते सरकणारच. हे कोणाचं अक्षर?"

"माझं."

"तुम्हाला कोणी सांगितलं लिहायला?"

सरांचं नाव घेतलं. त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "केळुस्कर सर? मला त्यांनी शिकवलंय." मग खिडकीकडे बघत, "एवढी फाट सरांना दिसली नाही असं होणार नाही."

मीही तोच विचार करतेय. दिसली नसेल असं कसं होईल?

आणखी कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. सावळाबाबांचं सांगितलं. कधी पडलं म्हणाल्या. दहा-बारा दिवस झाले म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खुर्चीतून उठावंसं वाटलं. "भिंग पडद्यावर लोळतंय, त्याहून वाईट म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा चिकट गोळा पडद्याला ओढत असणार. त्यांना दुसऱ्याच दिवशी आणायला हवं होतं. ताबडतोब आणा."

१३ फेब्रुवारी, बुधवार. नाशिक

हिरीमावशीचं ऑपरेशन झालं. मला बाहेर टीव्हीवर बघू दिलं.

आधी डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग बारीक सळईनं कापून ओढून घेतला. मग भिंग वर उचलून बाहुलीत आणलं. धरायला आत काहीच उरलेलं नाही, थैली फाटलेली. म्हणून डोळ्याच्या पांढऱ्या भागात दोन बाजूंना, घड्याळात तीन आणि नऊ असतात तिथं, छोटे कप्पे केले आणि केसाहून बारीक दोऱ्यानं भिंगाचे दोन पाय, म्हणजे त्याच्या कडेच्या बारीक तारा, डोळ्याच्या भिंतीला टांगले. झोपाळ्यासारखं. गाठी कप्प्यात लपवल्या. दीड तास. हर्षदा डॉक्टरांचा हात एकदाही थबकला नाही. प्रत्येक वेळी सुई कुठं आहे ते त्यांना आधीच दिसत होतं.

हिरीमावशी जागीच होती. मध्येच म्हणाली, "बाय, शिवताय का काय?" डॉक्टर म्हणाल्या, "हो मावशी, टाका घालतेय." "बरा घाला. निसटू दिऊ नका."

१६ फेब्रुवारी, शनिवार

हिरीमावशीला घरी पोचवून आज दाभोशाला गेले. सावळाबाबा नाही म्हणतात. मी दोन तास बसले होते.

"नाशकाला कशाला? साहेबानं चोवीसला बोलावलाय."

"बाबा, तोवर उशीर होईल."

"तूच तं सांगला, साहेबाच्या हाताला यश हाय. माझे घरच्या मानसाला तुझेच साहेबानं डोला दिलता. तोच करील."

माझीच वाक्यं मला ऐकवत होते. मी शिबिरासाठी पाड्यापाड्यावर हेच बोलले आहे. सरांनीच चूक केली असं कसं सांगू? आणि केलीच आहे हे मला तरी कुठं ठाऊक आहे? पेशंट आहे, थैली फाटते, कधी कधी फाटतेच. हजारात काही जणांचं होतं, हे सरांनीच शिकवलं.

एक डोळा झाकून दारातला माणूस दिसतो का विचारलं. एका बाजूनं सावली पडल्यासारखं दिसतं म्हणाले. पडदा ओढल्यासारखं. आठवड्यापासून.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज रोहिदासभाऊंवर भडकले. शिबिरासाठी ताडपत्री आणायला गाडी काढत होतो, ते एकदम म्हणाले, "ताई, एक विचारू? साहेबांना नीट दिसतं का?"

"काय बोलताय भाऊ?"

"मागं कसाऱ्याहून येताना खोडाळ्याच्या वळणावर म्हणाले, रोहिदास, ही एसटी उभी का केलीय रस्त्यात. एसटी नव्हती ताई, दगडाची दरड होती. दुसऱ्यांदा स्टेशनवर पाटीवरचं गाडीचं नाव मला वाचायला सांगितलं, मला येत नाय म्हणालो, तं हसले आन् तिथंच थांबले. कोणीतरी येऊन वाचेपर्यंत."

मी म्हटलं, दहा वर्षं त्यांची भाकरी खाल्लीत, असं बोलताना काही वाटत नाही? त्यांनी गाडी सुरू केली. 

डोळ्यांचा डॉक्टर, आणि त्याला स्वतःला दिसत नाही हे कळणार नाही? कळलं तर तो ऑपरेशन करेल? शक्यच नाही.

पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही. रजिस्टर पुन्हा काढलं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर किती जणांचं ऑपरेशन तासाच्या वर गेलं, ते मोजलं. सहा. त्याआधीच्या चार वर्षांत मिळून दोन.

२४ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

नाशिकहून हर्षदा डॉक्टरांकडून नजर तपासायचा नवा तक्ता आणला होता. आपला जुना तक्ता सहा वर्षं त्याच भिंतीवर आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो तसा, इंग्रजी ई-सारखी तीन दातांची खूण, दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. सकाळी जुना उतरवून नवा लावला. ओळी तेवढ्याच, मोठ्या खुणेची जागा तीच, पण दातांच्या दिशा सगळ्या वेगळ्या.

सर आले. बाहेर एकवीस माणसं बसलेली, त्यात आई, नव्या लुगड्यात. सावळाबाबाही आलेले. मी आतून दार लावून घेतलं.

"सर, रागावू नका. एकदा इथं बसा."

"कशाला गं?"

"तक्ता वाचा. माझ्यासाठी."

ते हसले. "वेडी आहेस का?" पण बसले. पेशंटच्या स्टुलावर. उजवा डोळा झाकला आणि हात वर करून भराभर दाखवत गेले. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, डावीकडे, वर. शेवटच्या ओळीपर्यंत. एकदाही अडले नाहीत.

सगळं चुकलं होतं. ते जुना तक्ता म्हणत होते, पाढे म्हणावेत तसे.

मी म्हटलं, "सर, तक्ता नवा आहे."

बाहेर कोणीतरी खोकत होतं. सरांचा हात अजून वर होता. तो सावकाश खाली आला.

"कधी लावलास?"

"आज सकाळी."

"कोणाला भूल दिलीय?"

"नाही सर. कोणाला आत घेतलंच नाही."

"बरं केलंस." मग झाकलेल्या डोळ्यावरचा हात काढला. "मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. दीड वर्ष झालं. कडेनं दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मोठं दिसतं ना, वाटलं निभेल. चाळीस वर्षांचा हात आहे, प्रमिला. वाटायचं, हातच बघतोय."

"हिरीमावशीची थैली फाटली ते कळलं होतं?"

"शंका आली होती."

"आणि सावळाबाबांची?"

त्यांनी चेहरा माझ्या दिशेनं वळवला, पण नजर पुन्हा माझ्या कानाशीच गेली. "नाही. ती मला दिसलीच नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. ते स्टुलावरून उठताना कडेच्या टेबलाला धडकले, तेव्हा मीच त्यांचा हात धरला.

लोकांना बाहेर येऊन सांगितलं, आज ऑपरेशनं होणार नाहीत. कल्लोळ झाला. आई सगळ्यांत जास्त चिडली. "सगल्यांना डोला दिलास, आन् आयशीची पाली आली तं नाय?"  सावळाबाबांना जीपमध्ये बसवलं, या वेळी विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी, सोमवार. नाशिक

सावळाबाबांचा पडदा सुटलेला निघाला. हर्षदा डॉक्टरांनी भिंग काढलं, पडदा बसवायचा प्रयत्न केला, तीन तास. बाहेर आल्या तेव्हा टोपी हातात होती. "मधला भाग आठवडाभरापूर्वीच गेला असणार. उजेड-अंधार कळेल. त्याहून जास्त मला वाटत नाही."

आठवडाभरापूर्वी मी दाभोशाला होते. त्याच्या दोन आठवडे आधी ते माझ्या दारात होते.

४ मार्च, सोमवार

मंडळाची बैठक झाली. चिटणीस म्हणाले, सरांनी प्रकृतीच्या कारणानं निवृत्ती घेतली असं पत्रक काढू. मी म्हटलं, दीड वर्षात ज्यांची ऑपरेशनं झाली त्या सगळ्यांना घरी जाऊन तपासावं लागेल. दोनशे चाळीस नावं आहेत. ते म्हणाले, घबराट होईल. मी म्हटलं, मी जाणार. रोहिदासभाऊ कोपऱ्यात उभे होते, म्हणाले, "गाडी मी चालवीन." त्यांची माफी मागितली. "असू दे ताई," म्हणाले.

११ मार्च, सोमवार

आठ दिवसांत सेहेचाळीस जण तपासले. दोघांची भिंगं हललेली. एक खोच्याची बाई, एक चासचे जिवाबाबा. दोघांना काहीच तक्रार नव्हती. जिवाबाबांनी चहा पाजला, "डोला झाक हाय" म्हणून कौतुक सांगत होते, आणि मी टॉर्च हातात घेऊन त्यांना नाशिकचं कसं सांगावं याचा विचार करत होते. सांगितलं. ते लगेच उठले, घोंगडी घेतली, निघाले. काही विचारलं नाही. त्या विश्वासाचं मला आता भय वाटतं.

हिरीमावशीच्या डोळ्याची सूज उतरली. मोहाची फुलं वेचायला जाऊ का विचारते. आणखी महिनाभर नाही म्हटलं.

आई अजून बोलत नाही.

१७ मार्च, रविवार. दाभोसा

सावळाबाबांना सगळं सांगायला गेले होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मंडळानं तर बजावलंच होतं की बोलू नकोस.

ते ओट्यावर बसले होते. ऑपरेशन केलेल्या डोळ्यात काही नाही, दुसऱ्यात मोतीबिंदू दुधासारखा. मी समोर खाली बसले आणि सुरुवातीपासून सांगितलं. सरांना दिसत नव्हतं. थैली फाटली ती त्यांना कळली नाही. फोनवर थांब म्हणाले. मी थांबले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  सून आतून येऊन दाराशी उभी राहिली होती.

मग म्हणाले, "साहेबाला दिसत नवता."

"हो बाबा."

"पन तुला तं दिसत व्हता ना?"

मी मान खाली घातली. त्यांना ते दिसलं नाही, म्हणून तोंडानं बोलावं लागलं. "हो. दिसत होतं."

ते 'हां' म्हणाले, एवढंच. मला वाटलं आता हाकलून देतील, निदान शिव्या तरी देतील. मी वाट बघत बसले. दुसऱ्या डोळ्याचं नाशिकला करता येईल, तिथल्या बाई चांगल्या आहेत, हे सांगायचं होतं. सांगितलं नाही. कोणालाही चांगलं म्हणायची माझी लायकीच उरली नाही असं वाटत होतं.

मग ते भिंत चाचपत उठले. "नदीवर जायाचा हाय. सून कामात हाय. सोड मना."

मी उठले. त्यांनी हात पुढं केला, माझा खांदा शोधला आणि घट्ट धरला. उतारावर दगड सुटे आहेत. मी एकेक सांगत पुढं चालू लागले. बाबा, इथं खड्डा आहे. आता उजवीकडे. आता पाय खाली. प्रत्येक वेळी ते पाऊल टाकायच्या आधी क्षणभर थांबत, आणि मग टाकत.